ले-आउटवरची शिकवणी

एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात पैसा येत नाही. तो कंडक्टरच्या पिशवीत असतो. माणसं चढतात, उतरतात, सुट्ट्या पैशांवरून भांडतात, आणि हे सगळं आपल्या पाठीमागे चाललेलं असतं. आपण रस्त्याकडे पाहायचं. अकोला डेपोत मी अशीच सगळी नोकरी काढली. अकोट, मूर्तिजापूर, वाशीम, अमरावती. पगार झाला की तोही घरी जाऊन बायकोच्या हातात द्यायचो. तिनं घर चालवलं, मुलाला आयटीआय करवलं, मुलीचं लग्न लावलं. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि फंडाची रक्कम माझ्या नावावर जमा झाली, तेव्हा त्या पैशाचं काय करायचं असतं हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

मुलानं तोवर अमरावतीत मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती कुणाच्या जीपमध्ये नाही तर एसटीच्या टपावर टाकून आणायचे, आणि हा जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायचा. हात चांगला होता त्याचा. दुकान वाढवायचं, मोठी जागा घ्यायची असं त्याच्या मनात होतं. तो मागायला आला नाही, मीच म्हणालो, "हे घे. मले काय कराचं आहे?" देताना वाईट वाटलं नाही, उलट मोकळं वाटलं. अकोल्याची भाड्याची खोली सोडून आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला आलो. शहराच्या कडेला एका नव्या ले-आउटमध्ये त्याचं छोटं घर होतं. ले-आउट म्हणजे कुणाचं तरी शेत, प्लॉट पाडून, मुरमाचे रस्ते आखून ठेवलेलं. मधूनमधून एखादं घर, बाकी सगळीकडे गाजरगवत.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं. वर्तमानपत्रात तेव्हा रोज काय छापून येत होतं ते मी सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात ते असं आलं की दुरुस्त झालेल्या मोटारी दुकानातच पडून राहू लागल्या. माणूस मोटार टाकून जायचा, मुलगा ती भरून ठेवायचा, आणि न्यायला कुणी यायचंच नाही. विहिरीत पाणी नसताना मोटार नेऊन करायचं काय? एक एक करत भिंतीशी त्यांची रांग लागली. मुलगा सकाळी दुकान उघडून आधी त्यांच्यावरची धूळ पुसायचा.

मला पेन्शन होती, पण ती बायकोच्या बीपीच्या गोळ्यांत आणि थोड्या किराण्यात संपायची. बाकी सगळं मुलावर. त्यानं कधी कमी पडू दिलं नाही, हे आधी सांगतो. मी मागायच्या आतच तो दर रविवारी सकाळी टीव्हीवरच्या फुलदाणीखाली एक नोट ठेवायचा आणि दुकानात निघून जायचा. दाढी-कटिंग, चहा, कुणाच्या मयतीला जायचं झालं तर तिकीट, त्यासाठी. ती नोट उचलताना खोलीत कुणी नसेल अशी वेळ मी साधायचो. बायकोच्या ते लक्षात आलं होतं. पुढेपुढे तीच ती नोट उचलून माझ्या सदऱ्याच्या खिशात घालून ठेवू लागली.

म्हणून मी कामाला लागलो. एका अपार्टमेंटच्या फाटकावर, दिवसपाळीला. खाकी माझ्या अंगाला नवी नव्हती, माणसंही वाईट नव्हती. पण काम काहीच नव्हतं, हाच त्रास होता. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. मी जन्मभर बसूनच काम केलं होतं, पण माझ्या बसण्यानं माणसं मूर्तिजापूरला पोचत होती. इथं संध्याकाळ व्हायची आणि मी होतो तिथंच असायचो. दिवसभरात माझ्याकडून काय झालं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ती नोकरी मी उन्हाळा संपायच्या आत सोडली. घरी सांगितलं, पाठ दुखते.

"पाठ दुखते का जीव?" बायकोनं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

त्याच सुमारास सुनेला भातकुलीच्या एका खासगी शाळेत तासिकेवर शिकवायचं काम मिळालं. ती बी.एड. झालेली, पण लग्नानंतर घरातच होती. आता दुकानाची गत पाहून तिनं स्वतःच अर्ज केला होता. जायला बस होती. शाळा सुटल्यावर यायला मात्र वेळेवर बस नव्हती. ती घरी पोचायची तेव्हा दिवे लागलेले असायचे आणि नात रडून रडून झोपलेली असायची. शेवटी तिच्या भावानं त्याची जुनी बिनगिअरची स्कूटर तिला देऊन टाकली. ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, कारण शिकवायला कुणी नव्हतं. मुलगा म्हणायचा, "दुकान सोडून मी कुठं हिच्या मागं फिरू?" त्याचंही खोटं नव्हतं. गिऱ्हाईक नसलं तरी दुकानात बसावं लागतं.

एका सकाळी चहा देताना सून म्हणाली, "मामाजी, तुमीच शिकवा ना मले."

"मी बस चालवली, पोरी. असली चिमणी मले नाई येत."

"गाडी नाई येत, पण रस्ता तं येते ना तुमाले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच स्कूटर ढकलत ले-आउटच्या मागच्या रस्त्यावर नेली आणि आधी मीच शिकलो. डावा पाय सारखा क्लच शोधायचा. वळताना एवढं मोठं वळण घ्यायचो की मागून बसची लांबी यायची आहे असं पाहणाऱ्याला वाटावं. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. तिला तसं हसताना मी अमरावतीत आल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग सून. सुरुवातीला अवघड गेलं, तिला आणि मलाही. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते. एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं हँडल, असं किती चालणार? गाडी झाडाकडे जायची. मी म्हणालो, "पोरी, इथं मी सासरा नाई, इन्स्ट्रक्टर आहो. पदर कमरेत खोच." तिनं खोचला, आणि घरी परत येताना फाटकाशी पुन्हा डोक्यावर घेतला. पुढे सगळे दिवस तेच चाललं.

मी कॅरिअर धरून मागे चालायचो, गाडीनं वेग घेतला की पळायचो. ती सारखी पुढच्या चाकाकडे पाहायची. नवशिका माणूस बसमध्येही तेच करतो, बोनेटपुढची हातभर जमीन पाहतो. "चाकाले काय पाहून राहिली? ते नाई जात कुठं पळून. तो दूरचा निंब पाह्य," मी मागून सांगायचो. ज्या सकाळी मी कॅरिअर सोडलं ते तिला कळलं नाही. ती बोलत बोलत त्या कडुनिंबापर्यंत गेली, आणि मागून उत्तर येईना म्हणून थांबली. मी लांब उभा होतो. तिथून तिचा चेहरा काही दिसला नाही, पण ती बराच वेळ गाडीवरून उतरली नाही.

लायसन आलं आणि ती भातकुलीला स्कूटरनं जाऊ लागली. पहिल्या दिवशी मी दुपारपासूनच रस्त्याच्या वळणावर जाऊन बसलो. ती उजेडात घरी आली. नात जागी होती.

सुनेच्या शाळेसमोर कपड्याचं गाठोडं घेऊन एक बाई बसायची. ड्रेसचे पीस, लेसा, साडीचे फॉल असं विकायची. तिचा नवरा टेलर होता, तो वारला, आणि उरलेला कपडा विकता विकता तिनं तोच धंदा धरला. अमरावतीहून बसनं गाठोडं घेऊन निघायचं आणि भातकुलीच्या आसपासची गावं पायी फिरायची. गावात पैसा नव्हता. आधी एका गावात जो माल खपायचा त्यासाठी आता चार गावं करावी लागत होती, आणि पाय तर तेच होते. सुनेला गाडीवर येताना तिनं पाहिलं आणि एका रविवारी ती आमच्या घरी आली. बोलता बोलता निघालं की तिचं माहेर अकोल्याला, आमच्या डेपोपासून जवळच. मग तिला खुर्ची आणि चहा मिळाला.

"भाऊ, मले बी शिकवाल का?" ती म्हणाली. "उमर झाली माई. पण पायानं आता नाई होत."

"शिकवतो ना."

"घेता किती?"

"काही नाई. रिकामाच असतो मी."

"मंग राहू द्या," ती म्हणाली आणि उठायलाच लागली.

मला वाटलं, माझं काही चुकलं. "काहून, काय झालं?"

"भाऊ, फुकट शिकवाल तं तुमच्या मर्जीनं शिकवाल. एक दिवस याल, दोन दिवस नाई याल. मी काय म्हणू तुमाले? मेहरबानी करून राहिले म्हणून गप बसीन. मले गाडी शिकाची आहे, मेहरबानी नाई पाहिजे."

इतकी वर्षं पगार घेतला, पण पैसे देणाऱ्याला असं वाटत असेल हे मनात आलं नव्हतं. आणि त्या रविवारच्या नोटेचं मला काय टोचत होतं, तेही मला तिच्या बोलण्यातून थोडं कळलं. तेवढ्यात आतून बायकोनं आकडा सांगितला. बाईनं तो कमी करायला लावला, बायको थोडी उतरली, ती थोडी चढली. दोघींचं ठरलं. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "तुमी गाडी चालवा. तिकिटं मी फाडीन."

आणि तिनं खरंच फाडली. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. त्या वर्षांत पुष्कळ घरांतली बाई पहिल्यांदाच कमवायला बाहेर पडली होती. कुणाचा नवरा पुण्याला कामाला गेला होता, कुणाची सूतगिरणी बंद झाली होती. अंगणवाडीवाली आली, नर्स आली, डबे पोचवणारी आली. लर्निंग लायसन काढल्याशिवाय मी गाडीला हात लावू देत नव्हतो, आणि पैसे भरल्याशिवाय बायको. कुणाला सकाळी, कुणाला संध्याकाळी हे ती ठरवायची. एखादीजवळ नसले तर तिला "पगार झाल्यावर आण" असंही तीच म्हणायची, आणि ते माझ्या कानावर येऊ द्यायची नाही.

लोक बोललेच. एके दिवशी मुलगा जेवता जेवता म्हणाला, "बाबा, दुकानावर लोक हासून राहिले. म्हणतात, तुझा बाप म्हातारपणी बायांच्या मागं पळते."

"पळतेच ना," बायको म्हणाली. "कॅरिअर धरून पळते, मी रोज पाहतो. तुले पाहाचं असन तं तू बी ये."

पण दुसऱ्या दिवसापासून ती प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन माझ्यासोबत येऊ लागली. निंबाखाली बसायची, भाजी निवडायची, पाण्याची बाटली द्यायची. ती तिथं असल्यामुळे ज्या बायांना घरून परवानगी नव्हती त्यांनाही मिळाली. मी तिला दोनदा म्हणालो, तू पण शिक. एकदा ती गाडीवर बसली, हँडल धरलं, आणि गाडी सुरू न करताच उतरली. म्हणाली, "मले माया पायावरच भरवसा आहे."

पावसाळा संपता संपता सून पडली. भातकुलीहून परत येताना कुत्रं आडवं आलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, कोपर फुटलं. ओळखीच्या ऑटोवाल्यानं तिला दवाखान्यात आणलं. मी आणि बायको पोचलो तेव्हा मुलगा आधीच तिथं होता, हाताला अजून वायंडिंगचं वार्निश लागलेलं. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "तुमाले लय हौस होती शिकवाची." एवढंच. आवाजही चढवला नाही.

मी शिकवणं बंद केलं. बायकोला म्हणालो, ज्यांचं अर्धं राहिलं त्यांचे पैसे देऊन टाक. ती हो म्हणाली, पण तिनं दिले नाहीत, हे मला नंतर कळलं. मी सकाळी उठून अंगणात बसायचो. स्कूटर भिंतीला टेकवून ठेवली होती, तिचा आरसा फुटला होता. नात विचारायची, आई केव्हा बरी होईन, आणि मला वाटायचं ती मलाच विचारते आहे. ज्या कामात जीव रमला तेच काम घराच्या अंगावर आलं, असं ते दिवस होते. फाटकावर बसण्यात निदान कुणाचं हाड मोडत नव्हतं.

आठवडा झाला असेल, कपडेवाली बाई घरी आली. तिची शिकवणी अर्ध्यावर होती. सरळ रस्ता झाला होता, वळण आणि रहदारी राहिली होती. आधी ती सुनेच्या खाटेजवळ जाऊन बसली, तिच्या हातावर खजूर ठेवले, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली.

"भाऊ, माया पैसा तुमच्यापाशी आहे."

"परत देतो, बाई."

"परत कोण मागून राहिलं? मी शिकाले देल्ले, परत घ्याले नाई."

"पाहिलं ना तुमी काय झालं ते."

"पाहिलं. तुमची एसटी कधी ठोकली नाई का?"

ठोकली होती. कारंज्याच्या रस्त्यावर बैल आडवा आला होता आणि गाडी शेतात गेली होती. कुणाला फारसं लागलं नाही, पण पुढे कित्येक दिवस त्या जागी आलो की मी गाडी हळू करायचो.

"मंग काय, नोकरी सोडली होती?"

"नाई."

तेव्हा खाटेवरून सून बोलली. "मामाजी, कुत्रं आलं तवा मी हँडल नाई वळवलं. नुसता ब्रेक दाबला. मागून ट्रक बाजूनं निघून राहिला होता. वळवलं असतं तं त्याच्या खालीच गेली असती."

हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही घाबरू म्हणून सांगितलं नसेल. कुत्रं आलं तर हँडल वळवायचं नाही, सरळ ब्रेक दाबायचा, हे तिला मीच पढवलं होतं. त्या वेळी ती कंटाळून "हो मामाजी, हो मामाजी" करायची. मी मान वर केली तर मुलगा दारात उभा होता. दुकान लवकर बंद करून आला होता. त्यानं सगळं ऐकलं, आत आला, सुनेच्या पायाशी खाटेवर बसला आणि तिच्या चादरीची घडी नीट करत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कपडेवाल्या बाईला वळण शिकवलं.

हाड जुळलं तरी सून मात्र गाडीला हात लावेना. बसनं जाऊ लागली. पुन्हा अंधारात घरी येणं आलं. मी एक-दोनदा विषय काढला, ती हसून टाळायची. शेवटी एका सकाळी ती डबा भरत असताना मी म्हणालो, "चाल, मी मागं बसतो."

सासऱ्यानं सुनेच्या मागे गाडीवर बसणं आमच्याकडे दिसायला बरं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. मी दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसलो, बायका बसतात तसा; तसं बसलं की मध्ये अंतर राहतं. ले-आउटमधली माणसं पाहत होती. सगळ्या नोकरीत मी कुणाच्या मागे बसलो नव्हतो. डेपोतून घरी जातानाही दुसऱ्याच्या बसमध्ये उभा राहून रस्त्याकडेच पाहायचो. आता पुढे तिची पाठ, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी, कुठं बोंडं फुटलेली, कुठं नुसती लाल पडलेली पानं. जिथं कुत्रं आलं होतं ती जागा मला माहीत नव्हती, पण एका ठिकाणी गाडी अगदी हळू झाली आणि तिचे खांदे वर गेले, तेव्हा समजलो. थोडं पुढे गेल्यावर खांदे खाली आले.

शाळेच्या व्हरांड्यात मी दिवसभर बसून राहिलो. शिपायानं येऊन विचारलं, "कोणाले भेटाचं आहे?" मी म्हणालो, "कोणालेच नाई. गाडीवर आलो." तो बुचकळ्यात पडला आणि चहा घेऊन आला. असे मी आठवडाभर गेलो. मग सूनच म्हणाली, "उद्यापासून तुमी नका येऊ मामाजी. तुमच्या बायांचे क्लास बुडून राहिले."

मुलगा मला कधी काही म्हणाला नाही, ना त्या दवाखान्यातल्या बोलण्याबद्दल, ना नंतर. पण एक दिवस दुकानातून येताना त्यानं जाड पाइप वाकवून आणला आणि अंगणात बसून तो स्कूटरच्या मागे कसला. कॅरिअर धरून पळताना मला वाकावं लागायचं. हा पाइप जवळजवळ माझ्या कमरेएवढा उंच होता. "धरून पाहा," तो म्हणाला. मी धरून पाहिला. म्हणाला, "अजून थोडा वर पाहिजे," आणि पुन्हा पाने घेऊन बसला.

त्यानंतर बरीच वर्षं मी शिकवलं. सराव झाला की शेवटचे एक-दोन दिवस बायांना नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत न्यायचो. तिथं रुंद रस्ते होते, कारखाने अजून फारसे आले नव्हते, ट्रकांची सवय व्हावी एवढेच ट्रक यायचे. कपडेवाल्या बाईनं जुनी गाडी घेतली. गाठोडं पायाजवळ ठेवून ती वलगावच्या पुढेपर्यंत जाऊ लागली. ईदला शिरखुर्म्याचा डबा गाडीच्या हुकाला अडकवून ती स्वतः चालवत यायची, आणि फाटकाशी आमच्याकडे पाहून मुद्दाम एक लहान वळण मारून दाखवायची.

पैसे बायकोनं पोस्टात टाकले, दोघांच्या नावावर. ते किती होतात हे तिनं सांगितलं तरी माझ्या डोक्यात राहत नसे. पण ते आहेत, एवढं मात्र सतत ठाऊक असायचं, जसं गाडीत स्टेपनी आहे हे ठाऊक असतं. मी मुलाला सांगितलं, रविवारची नोट आता ठेवू नको. तो म्हणाला, बरं.

पोस्टातल्या ठेवीची मुदत भरली त्या वर्षी त्याचं दुकान अगदी टेकीला आलं होतं. एका संध्याकाळी तो आमच्या खोलीत आला आणि खाली बसला. जन्मात पहिल्यांदा त्यानं मागितलं. "बाबा, पोस्टातले मिळाले तं हा हंगाम निघून जाईन."

मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, पैशाचं आहे तर तीच बोलेल. पण ती माझ्याकडे पाहत होती. फंड दिला तेव्हा मला विचार करावा लागला नव्हता. या वेळी मी खूप वेळ घेतला. मग म्हणालो, "दुकानात नाई टाकत. आजपासून घरचं राशन मी भरतो, पोरीच्या शाळेचं मी पाहतो. पण हे आमच्या दुखण्याचं आहे. उद्या आमचं काही झालं तं तुले कोणापुढं हात पसरा लागू नाई."

तो "ठीक आहे" म्हणाला आणि उठून गेला. बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. मी किराणा आणायचो, पिशवी स्वयंपाकघरात ठेवायचो, आणि तो जेवताना ताटाकडे पाहायचा. दिवाळीनंतर त्यानं दुकान आवरलं. न नेलेल्या मोटारी ज्यांच्या होत्या त्यांना निरोप पाठवले. काही जण आले, काही आलेच नाहीत. पुढे नांदगाव पेठला कापडाचा कारखाना सुरू झाला तिथं तो इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. आता बरं चाललं आहे त्याचं. पण मी तेव्हा पैसे दिले असते तर दुकान तरलं असतं का, हे मी अजूनही मनाशी घोळवतो. कधी वाटतं तरलं असतं. कधी वाटतं, तेही गेलं असतं आणि आम्ही दोघं पुन्हा फुलदाणीपाशी आलो असतो. त्याला विचारायचा धीर मला झालेला नाही.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या खिडकीशी बायको आणि मुलगा शेजारी शेजारी उभे होते. मी बाकावरून पाहत होतो, एका डोळ्यावर पट्टी. पैसे भरायची वेळ आली तसा त्याचा हात खिशाकडे गेला. तिनं तो मनगटाशी धरला आणि दुसऱ्या हातानं आपली पर्स उघडली. तो हात त्यानं सोडवून घेतला नाही.

गुडघे गेले तशी शिकवणी थांबली. पळता येत नाही तर शिकवता येत नाही. ले-आउटमध्ये आता घरं झाली, रस्ते डांबरी झाले, शिकायला मोकळी जागाही उरली नाही. मुली आता कॉलेजात जायच्या आधीच भावाच्या गाडीवर शिकून घेतात. त्यांना शिकवायला म्हातारा लागत नाही, आणि ते चांगलंच आहे.

परवा मी राजकमल चौकात ऑटोसाठी थांबलो होतो. एक स्कूटर जवळ येऊन थांबली. आमच्याकडे उन्हामुळे बाया तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वर काळा चष्मा, हातात लांब मोजे. कोण आहे ते आईलाही ओळखू येऊ नये.

"काका, ओळखलं का?"

"नाई, बाई."

"बसा. सोडते घरापर्यंत."

मी हळूच बसलो. गर्दी होती, पण तिनं कुठंही गाडी घुसवली नाही, हॉर्न वाजवला नाही, खड्डा आला की आधीच वेग कमी केला. मी नाव विचारणार होतो, पण वाऱ्यात ऐकू जाईना. घराशी उतरलो तर "येते काका" म्हणून ती वळलीसुद्धा.

बायको दारात होती. "कोण होती?"

"मालूम नाई."

"विचाराचं नाई का?" ती म्हणाली. मग आत जाता जाता म्हणाली, "पुढच्या वेळी घरात बोलवा. चहा तरी घेईन बिचारी."